उत्तेजनार्थ ते जीवनगौरव

वाईच्या आमच्या घरात, हॉलमधल्या शोकेसमध्ये, ढोल्या गणपतीच्या फोटोशेजारी एक लॅमिनेट केलेलं प्रशस्तिपत्रक उभं आहे. त्यावर माझं नाव आहे, आडनावात एक वेलांटी चुकलेली आहे, आणि खाली निळ्या शाईत लिहिलंय – ‘उत्तेजनार्थ’. आठवीत असताना पाचगणीला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती. पसरणीच्या घाटात मला गाडी लागली, त्यामुळे ‘प्लॅस्टिकमुक्त भारत’ या विषयावर मी जे काही बोललो ते पोट धरूनच बोललो. तरी उत्तेजनार्थ मिळालं. पहिले तीन क्रमांक, दोन उत्तेजनार्थ आणि एकूण स्पर्धक सात, हे गणित मी आईला आजवर सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मला माहीत नव्हतं, की त्याच पाचगणीत, माझ्या आधी पन्नासेक वर्षं, बारा वर्षांच्या एका मुलानं शाळेची ट्रॉफी जिंकली होती. १९५८ साल. शाळा सेंट पीटर्स. ट्रॉफी ‘ज्युनियर ऑलराउंडर’ची. मुलाचं नाव फारूख बलसारा. झांझिबारच्या पारशी कुटुंबातला हा मुलगा आठव्या वर्षी बोटीनं मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या बोर्डिंगला आला होता. तो टेबल टेनिस खेळायचा, पियानो वाजवायचा, आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळेतल्या बँडमध्ये होता. मित्र त्याला फ्रेडी म्हणायचे. पुढे जगही त्याला फ्रेडीच म्हणालं. फ्रेडी मर्क्युरी, ‘क्वीन’चा गायक.

हे मला कळलं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात, हॉस्टेलच्या खोलीत. रूममेटनं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावलं होतं. गाणं संपल्यावर मी सवयीप्रमाणे गायकाची माहिती वाचायला घेतली आणि ‘पाचगणी’ या शब्दावर अडकलो. आमच्या घाटाच्या वरची पाचगणी. जिथं आम्ही पाहुणे आले की टेबललँड दाखवायला आणि स्ट्रॉबेरी क्रीम खायला जायचो, ती. तेव्हापासून हा बँड मला उगाचच आपल्या तालुक्याशेजारचा वाटतो.

मागच्या वर्षी एका रविवारी मी ‘क्वीन’ला मिळालेल्या पुरस्कारांची यादी करायला बसलो. आमच्या धंद्यातल्या माणसाला यादी म्हणजे स्प्रेडशीटच सुचते. चार रकाने केले – वर्ष, देणारे कोण, कशासाठी, आणि चौथा रकाना सहज म्हणून जोडला – तेव्हा फ्रेडी हयात होता का. मग वर्षानुसार सॉर्ट केलं. त्या चौथ्या रकान्यामुळे ही यादी वेगळीच गोष्ट सांगायला लागली. तीच तुम्हाला सांगतो.

*

पहिल्या ओळी बऱ्याच लवकर येतात. ‘क्वीन’ची पहिली रेकॉर्ड १९७३ची. १९७४च्या ‘किलर क्वीन’ या गाण्यासाठी फ्रेडीला ‘आयव्हर नोव्हेलो’ पुरस्कार मिळाला. ब्रिटनमधल्या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून दिला जाणारा हा पुरस्कार. म्हणजे गाणी रचणाऱ्यांनी गाणी रचणाऱ्याला दिलेली दाद. पुढच्याच वर्षी, १९७६मध्ये, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’लाही तो मिळाला.

या गाण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गंमत त्याच्याभोवती आहे. १९७५च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत त्याचं काम सुरू झालं. निर्माता होता रॉय थॉमस बेकर. मधला ऑपेरासारखा भाग ऐकताना वाटतं, पन्नास-साठ माणसांचा कोरस असावा. प्रत्यक्षात गायले तिघंच – फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. एक आवाज रेकॉर्ड करायचा, त्यावर दुसरा चढवायचा, त्यावर तिसरा. टेपवर ट्रॅक फक्त चोवीस. ते भरले की त्यातले काही मिसळून एका ट्रॅकवर आणायचे आणि मोकळ्या जागेत पुन्हा गायचं. असे सुमारे १८० थर चढवले. टेप हेडवरून इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरचा थर झिजून ती आरपार दिसायला लागली, असं ब्रायन मेनं सांगितलंय. आज आपण लॅपटॉपवर कितीही ट्रॅक उघडतो आणि चुकलं की अनडू करतो. त्यांच्याकडे अनडू नव्हतं.

गाणं झालं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. तेव्हा रेडिओवर तीन मिनिटांच्या आसपासची गाणी लागायची. रेकॉर्ड कंपनीला वाटलं, हे कोण वाजवणार? बँड कापायला तयार नव्हता. मग लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेट या अवली निवेदकाच्या हाती एक प्रत लागली आणि त्यानं दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवलं. सोमवारी लोक दुकानात रेकॉर्ड मागायला हजर. ऑक्टोबरच्या शेवटी गाणं बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

मला या चौघांबद्दल जवळीक वाटण्याचं आणखी एक कारण आहे. ही सगळी शिकलेली, नाद लागलेली पोरं. ब्रायन मे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याची गिटार त्यानं वडिलांबरोबर घरीच बनवली, तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून कोरली. अर्धवट सोडलेली पीएचडी त्यानं २००७मध्ये पूर्ण केली, तीही सूर्यमालेतल्या धुळीवर. रॉजर टेलर दंतवैद्यक शिकायला लंडनला आला आणि जीवशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. बेस वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. त्यानं कचऱ्याच्या कुंडीत सापडलेल्या एका सर्किट बोर्डापासून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर बनवला. त्याचा आवाज पुढं ‘क्वीन’च्या कितीतरी रेकॉर्डवर ऐकू येतो. आणि फ्रेडी ग्राफिक डिझाइन शिकलेला. बँडचं बोधचिन्ह त्यानंच काढलं.

तर ब्रिटनमध्ये दाद वेळेवर आली. १९७७मध्ये तिथल्या रेकॉर्ड उद्योगानं ‘ब्रिटानिया अवॉर्ड्स’ नावाचा सोहळा केला. आजच्या ‘ब्रिट अवॉर्ड्स’ची ही सुरुवात. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीची पंचवीस वर्षं साजरी होत होती, म्हणून पुरस्कारही पंचवीस वर्षांतल्या सर्वोत्तमाला. सर्वोत्तम गट ‘बीटल्स’, यात आश्चर्य काही नव्हतं. सर्वोत्तम सिंगलचा पुरस्कार मात्र विभागून दिला गेला. एक ‘प्रोकोल हारम’चं ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’, आणि दुसरं अवघ्या दोन वर्षांपूर्वीचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’.

*

आता त्याच वर्षी, त्याच गाण्याचं अमेरिकेत काय झालं ते पाहू.

अमेरिकेतला संगीताचा सगळ्यात मोठा पुरस्कार म्हणजे ग्रॅमी. १९५९पासून दिला जातो, आणि मतदान करतात ते संगीत उद्योगातलेच सदस्य. १९७७च्या ग्रॅमीमध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला दोन नामांकनं होती. एक, गटानं सादर केलेल्या सर्वोत्तम पॉप गायनासाठी. तिथं ‘शिकागो’ या बँडचं ‘इफ यू लीव्ह मी नाऊ’ जिंकलं. दुसरं नामांकन होतं आवाजांच्या सर्वोत्तम बांधणीसाठी, म्हणजे अनेक आवाज एकमेकांत कसे गुंफले यासाठी. ज्या गाण्यात तीन माणसांनी १८० थर चढवून टेप झिजवली, त्याच्यासाठी याहून नेमका विभाग कुठला असणार? तो पुरस्कार गेला ‘स्टारलँड व्होकल बँड’च्या ‘आफ्टरनून डिलाइट’ला.

मी ते गाणं मुद्दाम ऐकलं. वाईट नाहीये. चार गोड आवाज नीट जुळलेले आहेत. दुपारी डोळे मिटून ऐकावं असं आहे. पण ऐकून झाल्यावर मी पंधरा मिनिटं नुसता हसत होतो.

हसून झाल्यावर मात्र माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आपण लगेच म्हणतो, परीक्षकांना अक्कल नव्हती. पण कुठलीही यंत्रणा चुकीचं उत्तर देते तेव्हा आधी तिला प्रश्न कसा विचारला होता ते बघायचं असतं. मी १९७७चे ग्रॅमीचे विभाग पाहिले. पॉप होतं, आर अँड बी होतं, कंट्री होतं, जॅझ होतं, गॉस्पेल होतं. रॉक नव्हतं. चुकून वाचायचं राहिलं नाही, नव्हतंच! रॉकचे स्वतंत्र विभाग ग्रॅमीमध्ये आले ते १९८०च्या सोहळ्यापासून. म्हणजे ‘लेड झेपलिन’, ‘पिंक फ्लॉइड’, ‘क्वीन’ हे सगळे स्टेडियम भरत होते ते जवळजवळ सगळं दशक या फॉर्ममध्ये त्यांना बसवायला रकानाच नव्हता. मग ऑपेरा आणि हार्ड रॉक एकाच ताटात वाढणारं गाणं मतदारांसमोर आलं ते ‘पॉप गायन’ म्हणून. दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेल्यावर ‘इतर’ या रकान्यावर टिक करावी लागते ना, तसं.

रकाना आल्यावर तरी? १९८१च्या ग्रॅमीत ‘क्वीन’ला रॉकच्या नव्या विभागात नामांकन मिळालं, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’साठी. हे गाणं जॉन डीकननं लिहिलेलं. पण त्यातला बेस ऐका. तो रॉकचा नाही, फंकचा आहे. ‘शिक’ या अमेरिकन डिस्को-फंक बँडच्या संगतीतून आलेला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रेडिओ स्टेशन्सनी ते गाणं उचलून धरलं, आणि १९८०च्या ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे रॉक होतं तेव्हा रॉकचा रकाना नव्हता, आणि रकाना आला तेव्हा हे लोक तिथून पुढं निघून गेले होते. पुरस्कार मिळाला बॉब सेगर आणि त्याच्या बँडला. त्याच वर्षी ‘द गेम’ या अल्बमसाठी ‘क्वीन’ आणि त्यांचा साथीदार मॅक यांना सर्वोत्तम निर्मात्याचंही नामांकन होतं. तेही हुकलं.

गंमत म्हणजे त्याच ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ला त्याच वर्षी ‘अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पॉप-रॉक सिंगलचा पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार उद्योगातल्या सदस्यांच्या नाही, सामान्य श्रोत्यांच्या कौलावर ठरायचा.

फ्रेडी हयात असताना ग्रॅमीची ही चार नामांकनं. पुरस्कार शून्य. आपल्या भाषेत, चार वेळा उत्तेजनार्थ. शोकेसमध्ये ठेवायला प्रशस्तिपत्रकसुद्धा नाही.

*

यानंतर माझ्या यादीत अमेरिकेच्या ओळी थांबतात. त्याची कारणं सगळीच परीक्षकांच्या माथी मारता येणार नाहीत, म्हणून ‘क्वीन’च्या बाजूचाही हिशेब मांडायला हवा.

१९८४मध्ये ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’चा व्हिडिओ आला. त्यात चौघंही बायकांच्या वेशात होते, फ्रेडी मिशी ठेवून आणि स्कर्ट घालून घर झाडत होता. ब्रिटनमधल्या एका घरगुती मालिकेची ती थट्टा होती, ब्रिटिश प्रेक्षकांना ती लगेच कळली. आपल्याकडेही नाटकात आणि तमाशात पुरुषानं लुगडं नेसणं कुणाला नवीन नाही. अमेरिकेत मात्र ते फार जणांना रुचलं नाही. फ्रेडीबरोबरचा ‘क्वीन’चा अमेरिकेतला शेवटचा दौरा १९८२चा. त्यानंतर ते तिकडे गेलेच नाहीत.

आणि त्याच १९८४मध्ये त्यांनी एक गोष्ट केली जिचं समर्थन करता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट होती, तिथं जाऊन कार्यक्रम करू नयेत असा कलावंतांचा बहिष्कार होता, आणि ‘क्वीन’ सन सिटीला जाऊन वाजवून आले. ब्रिटनच्या संगीतकारांच्या संघटनेनं त्यांना दंड केला. संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव गेलं. ज्याच्या बँडचा गायक स्वतः आफ्रिकेत जन्मलेला, पारशी, त्या बँडनं हे करावं, हे वाचून मला वाईट वाटलं. चाहता म्हणून ही ओळ यादीतून वगळाविशी वाटली होती. ठेवली.

पुढच्या वर्षी, १३ जुलै १९८५ला, वेम्बलीवर ‘लाइव्ह एड’ झालं. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठीचा कार्यक्रम. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत फ्रेडीनं सत्तरेक हजार माणसांना एका तालात टाळ्या वाजवायला लावल्या, ते तुम्ही यूट्यूबवर पाहिलंच असेल. त्यासाठी त्या दिवशी कुठली ट्रॉफी नव्हती. पण ‘क्वीन’चं नाव काढलं की लोकांना आज आधी आठवतात ती हीच वीस मिनिटं.

*

आता ती ओळ येते, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

१८ फेब्रुवारी १९९०. लंडनचं डोमिनियन थिएटर. ब्रिटिश रेकॉर्ड उद्योगाच्या त्या वर्षीच्या सोहळ्यात ‘क्वीन’ला ब्रिटिश संगीतातल्या विशेष योगदानाचा पुरस्कार होता. चौघंही स्टेजवर आले. आभाराचं भाषण ब्रायन मेनं केलं. फ्रेडी बाजूला उभा होता. फिकट निळा सूट, गाल खोल गेलेले, मिशी नाही. ज्या माणसाला स्टेजवर गप्प बसवणं कुणाला जमलं नव्हतं, तो सगळ्यात शेवटी माइकपाशी आला, आभाराचे आणि शुभरात्रीचे मोजके शब्द बोलला आणि निघाला.

त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळून तेव्हा जवळपास तीन वर्षं झाली होती. बँडच्या आतल्यांना माहीत होतं, बाहेर कुणाला नाही. वर्तमानपत्रं त्याच्या घराबाहेर टपून होती. त्या अवस्थेत तो त्या दिवशी कॅमेऱ्यांसमोर आला तो एका पुरस्कारासाठी. सार्वजनिक स्टेजवरचं त्याचं ते शेवटचं दर्शन ठरलं.

ती क्लिप एक मिनिटाचीही नसेल. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला राग आला होता. का बोलावलंत? का उभं केलंत? नंतर परत पाहिली तेव्हा लक्षात आलं, की कुणी उभं केलेलं नाहीये. तो स्वतःहून आलाय. पुरस्कार बँडचा होता, आणि बँडमधले चौघं म्हणजे चौघं. एवढं साधं कारणही असू शकेल. पुढं वर्षभर तो स्टुडिओत जमेल तसा गात राहिला.

२३ नोव्हेंबर १९९१ला त्यानं आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. २४ नोव्हेंबरला तो गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता.

*

इथून पुढं माझ्या चौथ्या रकान्यात सगळीकडे ‘नाही’ येतं. आणि इथून पुढं यादी भराभर वाढते.

१९९२च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ला सर्वोत्तम ब्रिटिश सिंगलचा पुरस्कार, आणि फ्रेडीला मरणोत्तर विशेष योगदानाचा. त्याच वर्षी अमेरिकेत ‘वेन्स वर्ल्ड’ नावाचा विनोदी सिनेमा आला. त्यात चार-पाच पोरं गाडीत माना हलवत ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ म्हणतात. १९७६मध्ये अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबलेलं हे गाणं आता दुसऱ्या क्रमांकावर गेलं. एमटीव्हीनं त्याला सिनेमातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार दिला. २००१मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’. २००३मध्ये चौघांनाही गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा. २००४मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ‘ग्रॅमी हॉल ऑफ फेम’मध्ये. तेच गाणं, तीच टेप, तीच संस्था. २०१८मध्ये ग्रॅमीकडून ‘क्वीन’ला जीवनगौरव. २०१९मध्ये त्यांच्यावरच्या सिनेमाला चार ऑस्कर. २०२५मध्ये स्वीडनचा पोलर म्युझिक प्राइझ.

या दुसऱ्या भागाला नुसतं ढोंग म्हणणं सोपं आहे, आणि मी आधी तसंच लिहिलं होतं. पण १९९२च्या ओळीवर थांबून विचार करावा लागतो. एड्स म्हणजे पापाची शिक्षा असं उघडपणे बोललं जाण्याचे ते दिवस. अशा वेळी एका अख्ख्या उद्योगानं उभं राहून, या आजारानं गेलेल्या माणसाचं नाव घेऊन टाळ्या वाजवणं याला काही अर्थ होता. फ्रेडी गेल्यावर पुन्हा बाजारात आणलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं उत्पन्न ब्रिटनमधल्या ‘टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट’ या एड्सवर काम करणाऱ्या संस्थेला गेलं. एप्रिल १९९२मध्ये वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला आणि त्यातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. तो आजही एचआयव्हीविरुद्धच्या कामाला पैसे देतो. तो उशीर निदान कुणाच्या तरी उपयोगी पडला.

पण २००१च्या ओळीपाशी मला काही सुचेना. न्यूयॉर्कच्या त्या सोहळ्यात ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत एक वयस्कर पारशी बाई होत्या. जेर बलसारा, फ्रेडीची आई. आठ वर्षांच्या मुलाला बोटीत बसवून पाचगणीला पाठवणारी. जॉन डीकन आला नव्हता. तो फ्रेडी गेल्यावर काही वर्षांतच निवृत्त झाला आणि अशा ठिकाणी फिरकणं त्यानं बंदच केलं. २०१८चा ग्रॅमी जीवनगौरव जाहीर झाला तेव्हा जेर बलसाराही नव्हत्या. त्या २०१६मध्ये गेल्या.

*

आमच्या टीममध्ये एक सीनियर होता. पैसे पाठवताना मध्येच काही अडकलं तर ते पुन्हा कधी आणि किती वेळा पाठवायचे, दोनदा जाणार नाहीत याची काळजी कशी घ्यायची, हे ठरवणारा सगळा भाग त्यानं एकट्यानं लिहिला होता. अप्रेजलच्या फॉर्ममध्ये चार रकाने होते – नवीन फीचर्स, क्लायंटशी संवाद, नेतृत्व, ट्रेनिंग. ‘रात्री तीन वाजता सिस्टिम पडली नाही’ याला रकाना नव्हता. दोन वर्षं त्याला मधलंच रेटिंग मिळालं. मग वडिलांच्या आजारपणासाठी तो नोकरी सोडून कोल्हापूरला गेला. आठ महिन्यांनी एका मोठ्या सेलच्या दिवशी सगळ्यांच्या सिस्टिम्स कोलमडल्या आणि आमची टिकली, तेव्हा कुठं वरच्यांनी ‘हे कुणी लिहिलं’ म्हणून शोध घेतला. अभिनंदनाचा मेल सगळ्या टीमला गेला, त्यालाही टाकला होता. त्याचा आयडी बंद झालेला. मेल परत आला.

त्या रविवारी यादी करताना २०१८च्या ओळीवर मला तो परत आलेला मेल आठवला.

पुरस्कारांची यादी आपण वाचतो ती घेणाऱ्याची थोरवी म्हणून. ‘क्वीन’ची यादी मी आता देणाऱ्यांचा इतिहास म्हणून वाचतो. कुणाला कधी ऐकू आलं, याची ती नोंद आहे. स्वतः गाणी रचणाऱ्यांना पहिल्याच फटक्यात ऐकू आलं. साध्या श्रोत्यांनाही आलं. ज्यांनी आधी रकाने आखले आणि मग त्यात माणसं बसवली, त्यांना चाळीस वर्षं लागली. आणि हे मी परक्यासारखं सांगू शकत नाही, कारण आमच्या टीमच्या त्या फॉर्मवर सहकाऱ्यांचा अभिप्राय म्हणून एक ओळ माझीही होती. मी लिहिलं होतं, ‘चांगलं काम’. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मला सगळं दिसत होतं, आणि मी दोन शब्दांत उरकलं होतं.

संध्याकाळी त्याला फोन लावला. वर्षभरानं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, “दादा, ते तू लिहिलेलं आहे ना, ते काय भारी काम आहे. मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.” तो थोडा गप्प राहिला. मग म्हणाला, “अजून चालू आहे का ते?”

“चालू आहे.”

“बदललं नाही कुणी?”

“हात लावायची हिंमत नाही कुणाची.”

तो हसला. मागून त्याच्या वडिलांचा खोकल्याचा आवाज आला, तेव्हा “थांब, नंतर करतो” म्हणून त्यानं ठेवला.

झोपण्यापूर्वी मी स्प्रेडशीट पुन्हा उघडली. एक ओळ राहून गेली होती, ती सगळ्यात वर घातली. वर्ष १९५८. देणारे – पाचगणीची शाळा, रोज त्याला बघणारी माणसं. कशासाठी – ज्युनियर ऑलराउंडर. चौथ्या रकान्यात लिहिलं, ‘हो’.